रोज हळद लावते, तरी डाग का जात नाहीत?

वाचकाचं पत्र

ताई,

माझं वय २६. गेली दोन वर्षं हनुवटीवर आणि गालांच्या कडेला पुटकुळ्या येतात. पुटकुळी बसते, पण मागे तपकिरी डाग ठेवून जाते. तीन-चार महिन्यांपासून मी रोज रात्री हळद, लिंबाचा रस आणि मध कालवून चेहऱ्याला लावते. आधी वीस मिनिटं ठेवायचे, आता कधी कधी लेप तसाच ठेवून झोपते. लावल्यावर चुरचुरतं. आजी म्हणते, चुरचुरतंय म्हणजे गुण येतोय. पण हल्ली नाकाच्या दोन्ही बाजूंना लाली असते, बारीक सालपटं निघतात आणि डाग तर मला आधीपेक्षा गडद वाटतात. महिन्याभरापासून हळदीच्या कॅप्सूलही घेते आहे, मिरीचा अर्क घातलेल्या. त्यानं चेहऱ्यावर आतून तेज येतं असं वाचलं होतं. माझी मैत्रीण म्हणते, हळद वगैरे सगळं थोतांड आहे. मग अमेरिकेत हळदीवर पेटंट घेतलं होतं ते उगीच का? आजीचं ऐकू की मैत्रिणीचं?

एक वाचक

ताईचं उत्तर

आज रात्री लेप लावू नकोस. पुढचे निदान दोन-तीन आठवडे तरी नको. आणि कॅप्सूल आजच थांबव.

डाग गडद झालेत हा तुझा भास नाही. ते खरोखर गडद होत असणार, आणि त्याचं सर्वांत मोठं कारण तुझा रोजचा लेपच असावा. त्यातही हळदीपेक्षा लिंबाचा वाटा मोठा.

पुटकुळी म्हणजे केसाच्या मुळाशी झालेला दाह. दाह झाला की त्या जागच्या रंगपेशी जास्त मेलॅनिन बनवतात आणि पुटकुळी बसल्यावरही ते रंगद्रव्य त्वचेत मागे राहतं. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेत हे जास्त ठळक होतं, कारण तिथल्या रंगपेशी मुळातच जास्त रंगद्रव्य बनवतात. म्हणजे डाग हा काही मळ नाही, की घासून किंवा भाजून काढता येईल. तो दाहाचा माग आहे. त्यामुळे ज्या कशानं त्वचेला पुन्हा दाह होईल, त्यानं जुना डाग गडद होणार आणि नवाही पडणार. मग तो दाह पुटकुळीनं झालेला असो की लेपानं, रंगपेशींना त्यानं काही फरक पडत नाही.

आता लिंबाचं बघ. निरोगी त्वचेच्या पृष्ठभागाचा पीएच ४.५ ते ५.५ च्या आसपास असतो, लिंबाच्या रसाचा २ ते २.५. पीएचचा एक अंक खाली म्हणजे दहापट जास्त आम्लता. म्हणजे तू रोज रात्री त्वचेला सवय असते त्याच्या शेकडो पट आम्ल असलेला रस तिच्यावर वीस मिनिटं किंवा रात्रभर ठेवत होतीस. ती चुरचुर म्हणजे त्वचेचं संरक्षक आवरण तुटल्याची खूण. गुण येत असताना त्वचा आग आग करत नाही, गं. शिवाय लिंबूवर्गीय फळांत फ्युरोकौमरिन नावाची द्रव्यं असतात. ती त्वचेवर राहिली आणि त्यावर ऊन पडलं, तर भाजल्यासारखे चट्टे उठू शकतात आणि ते महिनोन्महिने काळे राहतात. तेव्हा लिंबू चेहऱ्यावरून कायमचं बाद. हळदीसोबतही नाही, नुसतंही नाही. याच कारणासाठी खाण्याचा सोडाही नको. तो दुसऱ्या टोकाचा, अल्कधर्मी.

नाकाच्या बाजूची लाली आणि सालपटं आधी बरी व्हायला हवीत. त्यासाठी दोन-तीन आठवडे चेहऱ्याला फक्त तीनच गोष्टी लाव: सौम्य, बिनवासाचा क्लेन्झर, साधं मॉइश्चरायझर आणि दिवसा सनस्क्रीन. बाकी सगळं कपाटात.

आता हळदीकडे येते. तू आजी आणि मैत्रीण यांच्यात न्याय करायला सांगितला आहेस, पण दोघींचंही अर्धंच खरं आहे.

हळदीला पिवळा रंग देणाऱ्या द्रव्यांना कुरक्युमिनॉइड म्हणतात. त्यातलं मुख्य कुरक्युमिन. ते १८१५ मध्येच वेगळं काढलं गेलं होतं, तेव्हा त्याच्यावर अभ्यास करायला जगाला भरपूर वेळ मिळाला आहे. प्रयोगशाळेत, काचेच्या बशीतल्या पेशींवर कुरक्युमिन दाह कमी करतं, ऑक्सिडीकरणाला अटकाव करतं, काही जिवाणूंची वाढ रोखतं. हे खोटं नाही, आणि म्हणून मी हळदीला थोतांड म्हणणार नाही.

अडचण पुढे सुरू होते. हळदीच्या पुडीत कुरक्युमिन असतं वजनाच्या जेमतेम तीनेक टक्के. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. उजेडात ते टिकत नाही. हळदीचा डाग पडलेला पांढरा कपडा उन्हात वाळवला की डाग फिका पडतो, तो याचमुळे. चेहऱ्यावर लावलेल्या लेपातलं कुरक्युमिन बव्हंशी सर्वांत वरच्या मृत पेशींच्या थरातच अडकून बसतं. दुसऱ्या दिवशी केसांच्या कडेला, भुवयांत आणि नखांच्या कोपऱ्यांत दिसणारा पिवळेपणा म्हणजे तेच. ज्या रंगपेशींपर्यंत ते पोहोचावं अशी तुझी इच्छा आहे, त्या त्या थराच्या बऱ्याच खाली असतात.

मग लेप धुतल्यावर चेहरा उजळलेला दिसतो तो कशानं? थोडा पिवळा रंग चढलेला असतो, चोळून धुताना वरच्या मृत पेशी निघालेल्या असतात आणि मधाचा ओलावा असतो. त्या तासाभरासाठी चेहरा छानच दिसतो, त्यात काही वाईट नाही. पण त्याचा डागांशी संबंध नाही.

संशोधन काय म्हणतं तेही सांगते, कारण ‘संशोधनाने सिद्ध’ हे शब्द तुझ्या कॅप्सूलच्या बाटलीवरही असतील. २०१६ मध्ये हळद आणि त्वचेवरच्या मानवी अभ्यासांचा एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात बसतील असे अभ्यास सापडले अवघे १८, आणि त्यातल्या १० मध्ये हळद किंवा कुरक्युमिन घेतलेल्या गटात लक्षणीय सुधारणा दिसली. हे अभ्यास मुरुम, सोरायसिस, इसब, खाज, किरणोपचारानं झालेला त्वचादाह अशा वेगवेगळ्या तक्रारींवरचे. कुठे पोटातून दिलेलं औषध, कुठे खास बनवलेलं क्रीम किंवा जेल. डब्यातली हळद लिंबात कालवून लावल्याचे ते अभ्यास नव्हेत. २०१७ मध्ये जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री या नियतकालिकात रसायनशास्त्रज्ञांनी कुरक्युमिनची कठोर तपासणी केली. त्यांचा निष्कर्ष असा की हा रेणू अस्थिर आहे, शरीरात नीट शोषला जात नाही, आणि प्रयोगशाळेतल्या अनेक चाचण्यांत तो खोटेच सकारात्मक निकाल दाखवतो. या दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या तर माझं मत असं होतं: हळदीत गुण आहे, तो सौम्य आहे, आणि तुझ्या तक्रारीवर ती पहिलं, दुसरं किंवा तिसरंसुद्धा औषध नाही.

पेटंटचं म्हणतेस ते प्रकरण खरं आहे. १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचं अमेरिकी पेटंट मिळालं. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे प्रमुख असताना, त्याला आव्हान दिलं. जुने ग्रंथ आणि १९५३ मधला एक वैद्यकीय लेख पुरावा म्हणून मांडला, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. पण ते रद्द झालं ते ‘यात नवीन काही नाही, हे लोकांना आधीपासून ठाऊक आहे’ या मुद्द्यावर. हळद किती गुणकारी, कोणत्या त्वचेला, किती मात्रेत, हा प्रश्न तिथे निकालात निघाला नाही. ती लढाई महत्त्वाची होती आणि जिंकली याचा मला मनापासून आनंद आहे, पण तिच्या आधारानं चेहऱ्यावर काय लावायचं ते ठरवू नकोस.

जखमेचा विषय निघालाच आहे तर एवढं सांगून पुढे जाते. फोडलेल्या पुटकुळीवर, सालपट निघालेल्या जागी किंवा कापल्यावर डब्यातली हळद दाबू नकोस. हळद हे जमिनीखाली वाढणारं कंद. उकडून, वाळवून, दळून ती डब्यात येते, पण निर्जंतुक होत नाही. जिवाणूंचे काही बीजाणू उकळण्यालाही दाद देत नाहीत. जखम स्वच्छ पाण्यानं धुवायची आणि झाकायची. खोल असेल तर डॉक्टरांना दाखवायची.

आता ज्या गोष्टीबद्दल फार कुणी विचारत नाही, आणि मला मात्र सर्वांत जास्त काळजी वाटते, ती म्हणजे तुझ्या डब्यातली हळद नक्की काय आहे. पिवळाधमक रंग म्हणजे चांगली हळद, असा समज आहे आणि भेसळ करणारे नेमका त्याचाच फायदा घेतात. मेटॅनिल यलो हा खाण्यास मनाई असलेला रंग हळदीत मिसळला जातो. त्याहून वाईट म्हणजे लेड क्रोमेट, शिशाचं पिवळं संयुग. वाळलेल्या कंदांना चकाकी आणायला ते वरून चोळतात. बांगलादेशात संशोधकांनी याचा माग काढला, तेव्हा २०१९ मध्ये बाजारातल्या हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत ही भेसळ सापडली. सरकारनं धाडी घातल्या, दंड केले, लोकांना सावध केलं आणि २०२१ पर्यंत हे प्रमाण शून्यावर आलं. म्हणजे मनावर घेतलं तर हे थांबवता येतं. पण म्हणून तुझ्या हातातली पुडी आपोआप शुद्ध ठरत नाही.

शिसं धड त्वचेतून फारसं आत शिरत नाही. पण लेप ओठांना लागतो, बोटांवरून तोंडात जातो, उशीच्या अभ्र्यावर उतरतो, आणि घरात लहान मूल असेल तर त्याच्यापर्यंतही पोहोचतो. मुलांच्या मेंदूसाठी शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित मानत नाहीत.

घरी एक साधी चाचणी करता येते. काचेच्या पेल्यात पाणी घे, वरून चमचाभर हळद टाक आणि न ढवळता तसाच राहू दे. चांगली हळद हळूहळू तळाशी बसते आणि वरचं पाणी फिकट पिवळं राहतं. टाकताक्षणी पाण्यात गडद पिवळे धागे सुटू लागले आणि सगळं पाणी भडक झालं, तर त्यात पाण्यात विरघळणारा रंग असण्याची शक्यता मोठी. लेड क्रोमेट मात्र पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे ते या चाचणीतून निसटतं; ते प्रयोगशाळेतच कळतं. म्हणून तपासणीचा दाखला असलेली बंद पाकिटातली हळद घे, आणि नको इतकी भडक, चकचकीत दिसणारी हळद घेऊच नकोस. कंद स्वतः दळून घेतले की प्रश्न सुटला असंही नाही, कारण ही चकाकी कंदावरच चोळलेली असते.

याउलट एका गोष्टीला अनेकजणी उगाच घाबरतात. लेप साबणानं धुतला की फेस आणि टॉवेल एकदम लालसर तपकिरी होतात, आणि हळदीत काहीतरी भेसळ आहे असं वाटतं. ती भेसळ नव्हे. कुरक्युमिन अल्कधर्मी वातावरणात, साधारण पीएच ८ च्या वर, पिवळ्याचं लाल होतं. शाळेत हळदीच्या कागदावर चुन्याची निवळी टाकून बघितली असशील, तेच हे. खरं तर त्या लाल फेसानं तुला हळदीबद्दल काही सांगितलेलं नसतं, साबणाबद्दल सांगितलेलं असतं: तो चेहऱ्यासाठी फार अल्कधर्मी आहे. साध्या साबणवडीचा पीएच ९ ते १० असतो. असं होत असेल तर ती वडी अंगासाठी ठेव आणि चेहऱ्याला दुसरं काही वापर.

पुढचा मुद्दा ॲलर्जीचा. ‘नैसर्गिक आहे, त्याचा काय त्रास होणार’ हे वाक्य मी फार ऐकते. हळदीची, नेमकं सांगायचं तर कुरक्युमिनची, संपर्कजन्य ॲलर्जी वैद्यकशास्त्राला चांगली माहीत आहे. ती लगेच दिसत नाही. लावल्यापासून दोन-तीन दिवसांनी खाज, बारीक पाणीदार पुरळ, लाली, आणि लेपाच्या कडेबाहेरही पसरणारी. कधी कधी अनेक महिने बिनतक्रार वापरल्यावर अचानक सुरू होते. तुझ्या नाकाजवळची लाली लिंबाच्या जळजळीची असण्याची शक्यता जास्त वाटते, पण लेप थांबवून दोन आठवड्यांनीही ती गेली नाही, किंवा खाजच मुख्य तक्रार असेल, तर ॲलर्जीचा विचार करावा लागेल.

इतकं ऐकूनही तुला कधीमधी हळद लावावीशी वाटली, तर मी अडवणार नाही. आजीसोबत बसून लेप कालवण्यात जो जिव्हाळा आहे, त्याचीही मला किंमत आहे. फक्त तो असा लाव. त्वचा पूर्ण शांत झाल्यावर आधी चाचणी घे: कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागी रोज दोनदा, आठवडाभर, लावून दहा मिनिटांनी धुवायचं. एकदाच लावून बघण्यात अर्थ नाही, कारण ॲलर्जी उशिरा उमटते. काही झालं नाही तर दोन चमचे साध्या दह्यात किंवा मधात फक्त चिमूटभर हळद. चमचाभर नव्हे. पातळ थर, डोळे आणि ओठ सोडून, उघड्या पुटकुळ्या सोडून. दहा मिनिटं, फार तर पंधरा, आणि सुकून कडक व्हायच्या आत कोमट पाण्यानं हलक्या हातानं धुवायचं. लगेच मॉइश्चरायझर. आठवड्यातून एकदा पुरे. संध्याकाळी लावावं म्हणजे उन्हात जावं लागत नाही. चुरचुरलं तर त्याच क्षणी धुऊन टाक, वाट बघत बसू नकोस.

कस्तुरी हळद लावली तर चेहरा पिवळा होत नाही असं ऐकलं असशील. खरी कस्तुरी हळद ही वेगळी वनस्पती, कुरकुमा ॲरोमॅटिका. तिची पूड फिकट असते आणि तिला कापरासारखा वास येतो. तिचा रंग कमी चढतो हे खरं. पण त्या नावानं बाजारात दुसरेच कंद विकले जातात, आणि ती डाग घालवते असं म्हणण्याइतका पुरावा तिच्याबद्दलही नाही. चेहऱ्यावरची लव हळदीनं कायमची जाते, हेही मनातून काढून टाक.

कॅप्सूलबद्दल मी इतकी ठाम का, ते नीट वाच. स्वयंपाकात पडते ती हळद आणि कॅप्सूलमधला अर्क ही एकच गोष्ट नव्हे. कुरक्युमिन शरीरात फारसं शोषलं जात नाही, म्हणून त्यात मिरीतलं पायपेरिन घालतात. १९९८ च्या एका अभ्यासात दोन ग्रॅम कुरक्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पायपेरिन दिल्यावर माणसांत त्याचं शोषण २००० टक्क्यांनी वाढलं. जाहिरातीत हा आकडा कौतुकानं सांगतात. पण यकृत जी द्रव्यं मोडून शरीराबाहेर टाकतं, ते काम मंदावल्यामुळे हे होतं. मग त्याच वाटेनं जाणारी इतर औषधंही रक्तात जास्त रेंगाळू शकतात.

आणि यकृताला थेट इजा झाल्याच्या नोंदी आहेत. अमेरिकेतल्या औषधजन्य यकृतविकारांवर लक्ष ठेवणाऱ्या संशोधकांच्या गटानं २०२२ मध्ये हळदीच्या पूरक गोळ्यांमुळे यकृताला इजा झालेले १० रुग्ण मांडले. त्यातल्या बहुतेकांत एक विशिष्ट जनुकीय प्रकार आढळला, म्हणजे काहींचं शरीर या बाबतीत जन्मतःच हळवं असतं आणि ते आधी कळत नाही. ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकानं ऑगस्ट २०२३ मध्ये याबाबत जाहीर इशारा दिला. हा त्रास क्वचितच होतो, घाबरून जाऊ नकोस. पण चेहऱ्यावरच्या तेजासाठी, ज्याचा पक्का पुरावाच नाही, हा धोका का घ्यायचा? कुरक्युमिनची रोजची स्वीकार्य मर्यादा शरीराच्या वजनाच्या किलोमागे ३ मिलिग्रॅम मानली जाते. साठ किलोच्या व्यक्तीला १८० मिलिग्रॅम. तुझ्या बाटलीवरचा आकडा याच्या शेजारी ठेवून बघ. अनेक कॅप्सूलवर तो ५०० किंवा १००० असतो.

पुढच्या काही आठवड्यांत फार थकवा, मळमळ, अंगभर खाज, गडद लघवी किंवा डोळ्यांत पिवळेपणा जाणवला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि कॅप्सूल घेत होते हे स्वतःहून सांग. लोक पूरक गोळ्यांना औषध मानत नाहीत, म्हणून विचारलं तरी सांगत नाहीत. रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांनी, पित्ताशयात खडे असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि शस्त्रक्रिया ठरलेल्यांनी तर या कॅप्सूल घेऊच नयेत. रोजच्या जेवणातली हळद यात येत नाही, ती खुशाल खा.

मग डागांचं काय करायचं? तुझा खरा प्रश्न तोच आहे.

पहिलं म्हणजे सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा जास्त, रोज. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीइतकं. बाहेर असशील तर दर दोन तासांनी पुन्हा. ऊन डागाला खतपाणी घालतं, त्यामुळे सनस्क्रीनशिवाय कोणतंही क्रीम लावणं म्हणजे गळक्या बादलीत पाणी भरणं. गव्हाळ-सावळ्या त्वचेला नुसती अतिनील किरणंच नव्हे, तर दिसणारा प्रकाशही काळवंडतो. आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन तो अडवतं. मिळालं तर तेच घे.

दुसरं, नव्या पुटकुळ्या थांबवणं. त्या येत राहिल्या तर डाग कधी संपणारच नाहीत. तुझ्यासारख्या त्वचेसाठी मला ॲझेलेइक ॲसिड आवडतं, १५ ते २० टक्क्यांचं. ते मुरुमांवरही काम करतं आणि डागांवरही, आणि गरोदरपणातही चालतं. सुरुवातीला किंचित खाजतं, म्हणून एक दिवसाआड सुरू करावं. ॲडापलीन ०.१ टक्के हे दुसरं चांगलं औषध. रात्री, वाटाण्याएवढं, पूर्ण चेहऱ्याला मिळून. गरोदर असताना किंवा तसा विचार असताना ते नको. बेन्झॉइल पेरॉक्साइड २.५ टक्केही पुरतं. त्यानं टॉवेल आणि उशीचे अभ्रे पांढरे पडतात, तेवढं लक्षात ठेव. ही तिन्ही एकदम सुरू करायची नाहीत. एक निवड, आठ ते बारा आठवडे दे, मग ठरव. त्यातलं कोणतं, हे त्वचारोगतज्ज्ञांनी तुझा चेहरा बघून सांगितलं तर सर्वांत चांगलं.

डाग मात्र सावकाश जातात. वरच्या थरातले तपकिरी डाग साधारण काही महिन्यांत फिके होतात, खोलवरचे राखाडी-निळसर छटेचे वर्षभर किंवा जास्तही घेतात. या वाटेत कुणी ‘आठ दिवसांत गोरेपणा’ देणारी ट्यूब हातात ठेवली, तर ती घेऊ नकोस. अशा अनेक क्रीममध्ये तीव्र स्टिरॉइड असतं. पहिले काही आठवडे चेहरा चकाकतो, मग त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुम दुप्पट होतात आणि क्रीम सोडलं की चेहरा आगीसारखा लाल होतो. हळदीच्या लेपानं आलेली लाली आणि सालपटं साधारण तीन आठवड्यांत जातील. स्टिरॉइडच्या क्रीमनं झालेलं भरून यायला फार काळ जातो.

एक गोष्ट तू लिहिलेली नाहीस, पण विचारायला हवी. हनुवटी आणि जबड्याच्या कडेनं, विशीनंतर येणाऱ्या पुटकुळ्यांमागे अनेकदा हार्मोन असतात. पाळी अनियमित आहे का, पाळीच्या आधी पुटकुळ्या वाढतात का, हनुवटीवर जाड केस येऊ लागलेत का, डोक्यावरचे विरळ होतात का? यातल्या एखाद्या प्रश्नाचं उत्तर हो असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पीसीओएससाठी, म्हणजे अंडाशयांशी संबंधित हार्मोनच्या बिघाडासाठी, तपासणी करून घे. त्यावर वरून काहीही लावून पूर्ण उपाय होत नाही, आणि तुझ्या दोन वर्षांच्या कष्टांना यश का आलं नाही, याचं उत्तर कदाचित तिथेच सापडेल.

आजीला हे पत्र वाचून दाखव. तिला विचार, तिच्या तरुणपणी ती हळद कशी लावायची, किती वेळ ठेवायची, त्यात लिंबू असायचं का. मला वाटतं, रात्रभर चेहऱ्यावर लिंबू ठेवायला तिनंही कुणाला सांगितलं नसेल.

लाली दोन आठवड्यांत उतरली नाही, पुटकुळ्या दुखऱ्या गाठींसारख्या झाल्या किंवा त्यांच्यामागे खड्डे पडू लागले, तर घरी काहीही करत बसू नकोस, लगेच त्वचारोगतज्ज्ञांना दाखव. खड्डे पडायच्या आत उपचार सुरू झाले तर ते टाळता येतात. पडल्यावर भरून काढणं फार अवघड असतं.

तुझी,
ताई